मुंबईची फळी

कोंडीराम घाडी घरात आवाज आणायला लागला तो आषाढात. दुसऱ्या बायकांचे नवरे गिरणीतून सुटले की भाजी आणतात, फार तर दारू पिऊन येतात. हा पत्रे आणायचा, फळ्या आणायचा, रिकामे डबे आणायचा, आणि दहा बाय बाराच्या खोलीत मधोमध बसून ते एकमेकांवर आपटायचा. एकदा आपटून झालं की थांबायचा आणि मान वर करून बायकोच्या तोंडाकडे बघायचा.

कौसल्या बघायची नाही. ती चुलीकडे तोंड करून बसे. काळाचौकीच्या त्या पिंपळवाल्या चाळीत भिंती नावालाच होत्या. शेजारच्या गंगूबाईनं एकदोनदा दारात येऊन विचारलं, "काय गो, तांब्याभांड्यांचं दुकान काढताव काय?" कौसल्यानं उत्तर दिलं नाही. उत्तर द्यायचं म्हणजे नवऱ्याचं नाव काढायचं, आणि ते तिला नको होतं.

कोंडीरामला हे आवाज नीट ऐकू येत नसत. पंचवीस वर्षं साचेखात्यात फिटर. चारशे साचे, म्हणजे माग, एका वेळी खडखडतात तिथं कानाचं काही चालत नाही. कान आधी रागावतात, मग कंटाळतात, मग सोडून जातात. तिथली माणसं ओठांवरून बोलणं वाचतात. कोंडीरामला मोठा आवाज फक्त धक्क्यासारखा कळे, आणि बाकीचं तो समोरच्याच्या तोंडावर शोधे. म्हणून तो फळी आपटून बायकोकडे बघायचा. त्याला एक आवाज बनवायचा होता, आणि तो बनला की नाही हे फक्त ती सांगू शकली असती. तिला हे पहिल्याच दिवशी कळलं होतं. त्याच दिवशी तिनं पाठ फिरवली.

तो आवाज गेल्या वर्षीच्या जानेवारीतला होता. मुंबई महाराष्ट्राला मिळणार नाही म्हणून रेडिओवर सांगितलं आणि गिरणगाव पेटलं. त्या सकाळी कोंडीराम भाकरी करपली म्हणून डबा न घेताच पहिल्या पाळीला गेला. गेला तो गेला, जाताना चार शब्द टाकून गेला. कौसल्याचाही पारा चढला होता, पण नवरा उपाशी राहील हेही तिला बघवेना. तिनं लवूला हाक मारली. लवू म्हणजे त्यांचा एकुलता एक. एकोणीस वर्षांचा, नुकताच बदली कामगार म्हणून लागलेला. "जा, डबा देऊन ये." तो गेला. गिरणीच्या गेटाच्या अलीकडच्या नाक्यावर त्याला गोळी लागली. कोंडीराम आत होता. त्याला काही ऐकू आलं नाही. एका जॉबरनं, खात्याच्या मुकादमानं, त्याच्यासमोर उभं राहून ओठ हलवले, तेव्हा कळलं.

तेराव्याला दोघं बोलली.

"डबा तू पाठवलास."

"डबा तुमी टाकून गेलात."

एवढंच. त्यानंतर त्या घरात मीठ, पाणी आणि दाराची कडी एवढ्यापुरतं बोलणं उरलं. दोघांचंही म्हणणं खरं होतं आणि दोघांनाही ते माहीत होतं. मग भांडायला तरी काय उरतं?

तर ते आवाज. त्यामागं चाळीचा गणपती होता. सत्तावन्न साल. निवडणुकीत संयुक्त महाराष्ट्र समितीनं सरकार पक्षाला धूळ चारलेली, जो तो छाती काढून चालत होता, आणि मंडळाचे अध्यक्ष बाबुराव तर पोट काढून. बाबुरावांना यंदा असा देखावा हवा होता की लालबागवाल्यांनी तोंडात बोटं घालावीत. त्यांना कुणीतरी गिरगावचा हेरंब गाठून दिला. चित्रकलेच्या शाळेत शिकणारा, चष्मेवाला, बोलायला लागला की समोरच्याला जांभई येईपर्यंत न थांबणारा. त्याचं म्हणणं असं, की देखावे आजवर खूप झाले. माणूस हात जोडून उभा राहतो, पुतळा मान हलवतो, माणूस पुढं जातो. आपण उलट करू. माणूस हलेल तेव्हाच चित्र बोलेल. माणूस थांबला की चित्र गप्प.

त्यानं मांडवात जमिनीपासून दोन हात उंच फळ्यांची तक्तपोशी घालून घेतली आणि तिच्यावर संयुक्त महाराष्ट्राचा नकाशा रंगवला. बेळगाव-कारवारासकट, डांग-उंबरगावासकट. एकेक मुलूख म्हणजे एकेक सुटी फळी. फळीवर पाय पडला की त्या मुलखाचा आवाज यायचा. कोकणावर पाय पडला की मृदंग, कोल्हापुरावर हलगी, खानदेशावर घुंगरू. आवाज खोटे नव्हते, तक्तपोशीखाली खरी वाद्यं मांडलेली होती आणि विजेच्या घंटीतले छोटे हातोडे ती वाजवत. पण पाय पडला हे हातोड्याला कळणार कसं? तिथं हेरंबची विद्या संपली आणि कोंडीरामची सुरू झाली.

गिरणीत नवे साचे आले होते. त्यांच्यात ताण्याच्या प्रत्येक उभ्या धाग्यावर एक पातळ लोखंडी पत्री टांगलेली असे. धागा तुटला की पत्री खाली पडायची, वीज जुळायची आणि साचा आपोआप थांबायचा. म्हणजे धाग्यावर नजर ठेवायला माणूस नको. जिथं दोन साच्यांमागं एक माणूस लागे तिथं चारांमागं एक पुरे. या पत्रीच्या नावानं कामगारांनी गेटावर शिव्यांची लाखोली वाहिली होती. कोंडीरामनं तीच भंगारातून वेचून आणली आणि प्रत्येक फळीखाली बसवली. फळी दबली की पत्री पडायची, वीज जुळायची, हातोडा उसळायचा. मोटारीच्या दोन बॅटऱ्यांवर अख्खा महाराष्ट्र वाजत होता. बाबुरावांना त्यातलं ओ की ठो कळलं नाही, पण त्यांनी कोंडीरामच्या पाठीवर थाप मारली. हे आपल्याला सुचलं असतं तर किती बरं झालं असतं, असा त्यांचा चेहरा होता.

मुंबईच्या फळीखाली हेरंबनं गिरणीचा भोंगा योजला होता. कोंडीराम म्हणाला, "मुंबईचा आवाज मी देतो." दुःखातल्या माणसाला कोण अडवणार? कुणी अडवलं नाही.

श्रावणातल्या एका रविवारी त्याला तो सापडला. त्यानं सागाची एक पातळ फळी सायकलच्या स्प्रिंगनं ताणून धरली आणि निम्मं वाळूनं भरलेल्या तेलाच्या पिंपावर सोडली. कौसल्या सुपात तांदूळ निवडत होती. तिचा हात सुपातच थांबला. ती वळली नाही, ओरडली नाही. फक्त हात थांबला, आणि पुन्हा सुरू व्हायला विसरला.

कोंडीरामनं तो थांबलेला हात पाहिला. त्याच्या तोंडावर आनंद आला. वर्षा-दीड वर्षात पहिल्यांदा आला असेल, आणि तो खराच होता, शोधलेली वस्तू सापडल्याचा. कौसल्यानं मान वळवली ती नेमकी तेव्हा. पुढं तिनं त्याला पुष्कळ माफ केलं असतं, करपल्या भाकरीवरून बोलला तेही केलं असतं. तो आनंद तिनं माफ केला नाही.

बाबुराव चतुर्थीच्या आदल्या दिवशी नारळ घेऊन आले. बरोबर दोन कार्यकर्ते. कोंडीराम दारात उभा.

"वैनी, उद्घाटन तुमच्या पायानं करायचं ठरलंय. वीरमातेचं पहिलं पाऊल मुंबईवर. मागाहून नगरसेवक बोलतील."

कौसल्यानं नारळाला हात लावला नाही. "म्हणजे पहिली गोळी मी घालू?"

"असं उलटं नका घेऊ, वैनी."

"मग सुलटं सांगा. पाय पडला की गोळी सुटते. पाय माझा. मग गोळी कुणाची?"

बाबुरावांनी कोंडीरामकडे पाहिलं. कोंडीराम तिच्या ओठांकडे बघत होता. "कळू दे लोकांना," तो म्हणाला. तो बोलायचा तेव्हा खोलीच्या मानानं जास्तच मोठ्यानं बोलायचा. "मोर्चा काढला, भाषणं ठोकली, निवडून आले. गोळी कशी सुटते ते कुणाला ठाऊक हाय?"

"तुमाला तरी कुठं ठाऊक हाय? तुमी आत होता."

हा वार कमरेखालचा होता, आणि तिनं तो मोजूनमापून केला होता. बाबुराव घाईघाईनं मधे पडले. नकाशाची बातमी वर्तमानपत्रात गेली होती, आता मागं हटता येत नव्हतं, आणि मुंबईशिवाय संयुक्त महाराष्ट्र कसा दाखवायचा?

"मुंबई ठेवा. तिचा आवाज काढा. भोंगा वाजवा, टाळ वाजवा, काय वाट्टेल ते वाजवा. हा आवाज काढा. माझा पोर लोकांच्या पायाखाली नको."

"वैनी, तुमचा पोर आता तुमच्या एकटीचा राहिला नाय. अख्ख्या महाराष्ट्राचा झालाय."

"बारशाला आला नव्हता महाराष्ट्र."

कार्यकर्त्यांतला एक जण खुदकन हसला आणि बाबुरावांनी डोळे वटारल्यावर गप्प झाला. नारळ उंबऱ्यावर ठेवून मंडळी उतरली. कोंडीरामही त्यांच्यामागून उतरला. पुढचे काही दिवस त्याचा मुक्काम तक्तपोशीखालीच होता, बॅटऱ्या आणि तारांच्या गुंत्यात.

उद्घाटनाला मोठी गंमत झाली. हेरंबनं सगळ्याचा विचार केला होता, आपल्या माणसांचा केला नव्हता. मांडवात चपला काढून यायचं, गणपतीपर्यंत जायचं तर नकाशावरूनच जायचं, अशी रांग त्यानं आखली होती. पण नकाशावर पाय ठेवायलाच कुणी तयार होईना. ज्या नकाशापायी माणसं मेली, त्याच्यावर पाय? म्हातारे काठावर उभे राहून वाकले, बोटांनी विदर्भाला हात लावला आणि तो कपाळाला लावला. बायकांनी हळदकुंकू वाहिलं. एकानं तर मराठवाड्यावर फूल ठेवलं. अर्धा तास महाराष्ट्र मुका. हेरंब घाम पुसत "चाला, अहो चाला" म्हणत राहिला. शेवटी बाबुरावांनी ध्वनिक्षेपकावरून जाहीर केलं की पाय ठेवायला मंडळाची परवानगी आहे, पाप लागणार नाही. मग एकेक पाय पडला, पडल्या पायाबरोबर हात खाली जाऊन नमस्कार झाला, आणि मृदंग वाजायला लागला.

कौसल्या गॅलरीतून बघत होती. रंगाला पाय लावायला माणसं किती कचरली हे तिनं पाहिलं. मुंबईच्या फळीवर कुणी कचरलं नाही, कारण तिथपर्यंत येईस्तोवर सगळ्यांचे पाय सरावले होते. मुंबई होती गणपतीच्या अगदी पुढ्यात. तिच्यावर पाय दिल्याशिवाय देवाला हात जोडता येत नव्हते.

खोटं कशाला सांगा, पहिल्या दिवशी लोक रडले. आवाज झाला की माणूस दचके, खाली बघे, तिथं फळीवर लहान अक्षरांत रंगवलेलं 'जानेवारी १९५६' वाचे आणि तोंडावर उपरणं धरी. कोंडीरामला तक्तपोशीखालून फक्त पावलं दिसत. थबकलेली पावलं बघून त्याला वाटे, कळलं, ह्याला कळलं.

दुसऱ्या दिवसापासून पोरं आली. मग पोरांसारखी मोठी माणसं आली. काळाचौकीत नकाशा वाजतो ही बातमी शिवडीपासून लोअर परळपर्यंत गेली, आणि वाजतो म्हटल्यावर लोक वाजवायला आले. चाळीतली कार्टी दोन्ही पायांनी उडी मारून मुंबईवर पडत आणि "ठो" म्हणत. एक जण छाती धरून मरे आणि बाकीचे हसत. नवीन लग्नाचा एक गडी बायकोला म्हणाला, "घाल पाय, बघ कशी उडतेस," आणि ती उडाल्यावर मागची रांग खो खो हसली. त्यांचं तरी काय चुकलं? त्यांच्या हाती खेळणं दिलं होतं, ते खेळले.

वर खोलीत कौसल्याला सगळं ऐकू येत होतं. लवू सकाळी मरत होता, दुपारी मरत होता, आरतीच्या आधी मरत होता आणि आरतीच्या नंतर मरत होता. आणि मारणारे कोण? ज्यांच्याकडे तो साखर मागायला जायचा ती माणसं. त्याला खांद्यावर घेऊन फिरलेली माणसं. आपल्याच चाळीचे पाय. तिनं कानात कापूस घातला. फळीचा आवाज जमिनीतून, जिन्यातून, चुलीच्या दगडातून येत राहिला. गंगूबाई दिलासा द्यायला आली नि म्हणाली, "सवय होईल गो." कौसल्यानं तिला सरळ बाहेरची वाट दाखवली. सवय होईल याचीच तर तिला धडकी भरली होती.

गौरी जेवल्या त्या दिवशी दुपारी ती खाली उतरली. लुगडं बदललं नाही, केस विंचरले नाहीत. मांडवाच्या कडेला खांबाशी उभी राहून बघत राहिली. बायकांची गर्दी लोटली होती आणि मुंबई दर दोन श्वासांना फुटत होती.

तेवढ्यात एक लठ्ठ गृहस्थ मुंबईवर आले. आवाज झाला. त्यांना त्याचं काही नव्हतं, त्यांनी डोळे मिटले, हात जोडले आणि अथर्वशीर्ष सुरू केलं. अख्खं. मागची रांग अडली. लोक कुरकुरले, कुणीतरी ढकललं, एका पोरानं त्यांच्या पायांच्या फटीतून मुंबईवर उडी मारली. आवाज आला नाही. पोरानं पुन्हा मारली. नाही आला. गृहस्थ फलश्रुतीपर्यंत जाऊन पुढं सरकले, मागच्या बाईचा पाय पडला आणि पुन्हा ठो.

कौसल्या हेरंबकडे गेली. तो खानदेशाचा उडालेला रंग लावत बसला होता.

"तो माणूस उभा होता तवा वाजलं का नाय?"

"काकू, वजन आहे तोवर फळी दबलेलीच असते ना. एकदा वाजायचं ते वाजून जातं. पाय निघाला, फळी वर आली, की पत्री पुन्हा जागेवर टांगली जाते. मग पुढच्या पायाला वाजतं. चालणाऱ्या माणसासाठी केलंय ते."

"आनि कोन चाललाच नाय तर?"

हेरंब हसला. "रांगेत कोण थांबतंय? मागचे ढकलतात."

त्यानं वजनाचा हिशेब केला होता, पायाच्या मापाचा केला होता, अनवाणी पायाला घाम येतो त्याचासुद्धा केला होता. उठायचंच नाही असं ठरवून येणाऱ्या माणसाचा मात्र केला नव्हता. कौसल्यानं आणखी एक विचारलं. "ह्यांनी कधी पाय ठेवून बघितला?"

"काकांनी?" हेरंबनं आठवून पाहिलं. "नाही. ते खालूनच हातानं दाबून बघतात. वर आलेच नाहीत कधी."

ती रांगेत शिरली. तिला पाहून दोघी-तिघींनी पुढं वाट करून दिली. वीरमाता म्हणून दिली असेल. विदर्भावरून गेली, मराठवाड्यावरून गेली, कोकणावर मृदंग वाजला तेव्हा तिला क्षणभर राजापूरकडचं माहेर आठवलं आणि तिनं ते तिथंच टाकलं. मुंबईपुढं येऊन ती थांबली. आवाज बंद करायचा तर फळीवर बसायला हवं. बसायचं तर आधी पाय ठेवायला हवा. म्हणजे एकदा, एकदाच, तिला स्वतःला ते करावं लागणार होतं. नगरसेवकासमोर केलं नाही ते आता बिनबोलावता. मागून कुणीतरी म्हणालं, "चला हो बाई."

तिनं पाय ठेवला.

आवाज झाला. ती खाली बसली, मांडी घालून, सगळा भार फळीवर देऊन. देवाकडे तिनं पाहिलंसुद्धा नाही.

आधी लोकांना वाटलं चक्कर आली. मग वाटलं अंगात आलं. पाणी आणलं, कुंकू आणलं. तिनं दोन्ही परतवलं. "मला काय झालं नाय. मी इथं बसणार हाय. अनंत चतुर्दशीपर्यंत."

बाबुराव धावत आले. "वैनी, देवाच्या वाटेत बसलात तुमी. दर्शन अडलंय."

"देवाला दुसरी वाट काढा."

"लोकांनी काय करावं?"

"लोकांनी बरंच केलंय."

रांग रस्त्यापर्यंत गेली होती आणि तापत चालली होती. कुणी म्हणालं नाटकं आहेत, कुणी म्हणालं पोर गेला म्हणून काय चाळ डोक्यावर घ्यायची, आमचेही गेलेत. बाबुरावांनी दोघा कार्यकर्त्यांना खूण केली. ते पुढं झाले. गंगूबाई रांगेतच होती. परवा घराबाहेर काढलेली ती, पण ती कमरेला पदर खोचून मधे उभी राहिली. "बाईमाणसाला हात लावून बघ. बघच." कार्यकर्ते मागं सरले. त्या एका माणुसकीखेरीज त्या दुपारी मांडवात सगळा विखारच होता.

मग कुणीतरी तक्तपोशीखाली वाकून कोंडीरामला ओढून बाहेर काढलं. धुळीनं माखलेला, डोळे उजेडाला दिपलेले. चार जण एकदम त्याच्या तोंडावर ओरडले. त्याला कुणाचंच कळलं नाही. मग त्याला फळीवर बसलेली बायको दिसली.

"ऊठ," तो म्हणाला.

"तुमी पाय ठेवा. मग उठते."

तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. तिनं पुन्हा सांगितलं, सावकाश, साचेखात्यातली माणसं बोलतात तसं ओठ मोठे करून. "मी ठेवला. चाळीनं ठेवला. गावानं ठेवला. तुमचाच तेवढा राहिला. बनवलाय तुमी, तर वाजवा."

"मला ऐकू येणार नाय."

"पायाला कळंल."

कोंडीरामनं ओठ चाटले. आणि जे त्यानं घरात कधी तोंडानं विचारलं नव्हतं ते भर लोकांत विचारलं, त्याच्या त्या मोठ्या आवाजात. "तसाच होता काय?"

"तसाच." ती म्हणाली. "अगदी तसाच. मी तांदूळ निवडत होते. आवाज झाला, तर गंगूबाईला म्हटलं, वखारीत फळी पडली वाटतं. आनि निवडत राहिले. लोक मला सांगायला येईपर्यंत निवडत राहिले. भात टाकायचा होता मला. ऐकला मी. ऐकून काय केलं? तुमी ऐकला नाय म्हणून जीव काढताय. मी ऐकला नि खडे वेचले."

गंगूबाईनं पदर तोंडाला लावला. कोंडीराम ते वाचत होता. पुरतं वाचून झाल्यावरही तो तिच्या तोंडाकडेच बघत होता, जणू अजून काही यायचं बाकी होतं. मग तो फळीच्या काठाशी आला. उजवा पाय उचलला. तिच्या मांडीशेजारी वीतभर जागा होती. पाय तिथं हवेत राहिला. फळी दबलेली होती, पाय पडला असता तरी काही वाजलं नसतं. हे त्याच्याइतकं दुसऱ्या कुणाला माहीत होतं? तरी त्याला तो खाली ठेववेना. त्यानं पाय मागं घेतला, तोंड फिरवलं आणि पुन्हा तक्तपोशीखाली शिरला.

"कोंडीराम, काय करतोस?" बाबुरावांनी वाकून विचारलं. ऐकू कुणाला येतंय.

कौसल्याला खालून खरखर जाणवली. पिंप सरकलं. कुठंतरी तिच्या मांडीखाली वीतभर अंतरावर त्याचे हात चालले होते. मग पक्कडीचा एक बारीक कट असा धक्का आला, आणि दुसरा. बाबुराव कपाळाला हात लावून बसले. "गेली मुंबई," असं काहीतरी ते म्हणाले.

कोंडीराम बाहेर आला. हातात तारेचा तुकडा. "कापली."

"मला काय ठाऊक? तुमी खाली काय कापलंत, काय नाय." ती उठली. पायाला मुंग्या आल्या होत्या, गंगूबाईचा हात धरून फळीवरून बाजूला झाली. फळी करकरत वर आली. "ठेवून दाखवा."

रांगेतली पोरंसुद्धा हलेनात. कोंडीरामनं पाय पुढं केला. गिरणीच्या तेलानं काळवंडलेला, नखं फुटलेला पाय. बोटं आधी टेकली. मग चवडा. टाच वरच राहिली, तिथं थरथरत. फळी हळूहळू दबली.

तो पायाकडे बघत नव्हता. त्याला पायावर भरवसा नव्हता आणि कानांवर तर नव्हताच. तो तिच्याकडे बघत होता.

"वाजलं?"

कौसल्यानं 'हो' म्हटलं असतं तर गोळी आपल्याच पायानं सुटली हे त्याला जन्मभर खरं वाटलं असतं. मांडवातलं दुसरं कुणी सांगून त्याचा विश्वास बसला नसता. दीड वर्षात त्याला द्यायला एवढं मोठं काही तिच्या हाती आलं नव्हतं. आणि तिला ते आषाढातले आवाज आठवले, श्रावणातला आनंद आठवला, आणि तिचे ओठ खरोखरच उघडले.

त्याच्या टाचेची थरथर थांबत नव्हती.

"नाय वाजलं," ती म्हणाली, ओठ मोठे करून. "टाच टेका."